उणे चाळीस ते पंचाहत्तर

डबा राखाडी. ओतीव ॲल्युमिनियमचा. वजन पावणेतीन किलो.
पोटावर पाटी: उणे चाळीस ते पंचाहत्तर अंश.
नंदेसरीत उणे चाळीस कधी पडणार, देव जाणे,
पण डबा तयारीनं आलाय,
जसे आमचे दांडिया बाजारातले अप्पामामा
भर मे महिन्यातही कानटोपी घेऊन प्रवासाला निघतात.

मी त्याला सात नंबरच्या टाकीवर बसवला, कठड्याशी.
चार बोल्ट, स्टेनलेसचे. साधा बोल्ट इथे
दिवाळी ते होळी एवढाच टिकतो.
खाली आम्ल, वर त्याचा बोचरा वाफारा.
तांब्याची तार इथे आधी हिरवी होते, मग काळी,
मग ओढली की दोऱ्यासारखी हातात येते.
पाच वर्षांत तीनदा केबल टाकली आम्ही.
चौथ्यांदा साहेब म्हणाले, द्या आता वाऱ्यावर सोडून.

त्याआधी या टाकीची पातळी राठवा आणायचा.
दर दोन तासांनी एकोणचाळीस पायऱ्या,
तोंडावर ओला रुमाल, कानामागे पेन्सिल,
कारण वर शाई फिकट व्हायची.
एकवीस वर्षं.
त्याला आता वास येत नाही.
"बायको म्हणते डाळ करपली. मी जेवतो,"
एवढंच सांगतो, आणि हसतो.
त्याच्या अंगावर कुणी पाटी लावली नव्हती
कुठून कुठपर्यंत.

पहिल्या दिवशी पडद्यावर आकडा उमटला.
चार पूर्णांक दोन मीटर.
राठवा माझ्या खुर्चीमागे उभा होता.
म्हणाला, "बेन, टांकी बोले छे!"
मग खिशातली वही काढून
त्यानं तो आकडा लिहून घेतला. पेन्सिलीनं.

आठवडाभर बरं चाललं.
मग रोज पाचच्या सुमाराला टाकी गप्प.
वीसेक मिनिटं. नंतर सुरू, जणू काही झालंच नाही.
मी अँटेना वळवली, झाकणाचं रबर बदललं,
चॅनल बदलला, पुन्हा पहिला लावला.
कंपनीतला मुलगा फोनवर चाचरत म्हणाला,
खानविलकर मॅडम, सूर्याचं काही असेल का, मावळताना...
मी फोन ठेवला.

"चला," राठवा म्हणाला.
खोलीच्या बाहेर, अगदी खिडकीला पाठ लावून
रणोलीहून आलेला टँकर उभा. भरलेला, चकचकीत.
खिडकीवरची आमची अँटेना त्याच्या पोटाशी.
आणि महिपत ड्रायव्हर त्याच्याच सावलीत
मांडी घालून सेव-उसळ खात होता.
"इकडे ऊन लागत नाही," तो म्हणाला.

पत्र्यापलीकडचं ऐकू येत नाही
हे मी शिकले होते, पेपरात लिहिलंही होतं,
आकृतीसकट.
"तुला कसं कळलं?"
"वरून मी हाका मारायचो ना खाली.
टँकर इथे असला
की कुणाला माझा आवाज यायचा नाही."

एवढं बोलून तो चुना आणायला गेला.
रेघ ओढली, वाकडी, मधे एका दगडाला वळसा घालून.
महिपत पुटपुटत कडुनिंबाखाली सरकला,
टँकर आणि द्रोण दोन्ही घेऊन.
पाच वाजले. पाच दहा. पाच वीस.
टाकी बोलत राहिली.

सहाला राठवा सवयीनं उठला,
पायऱ्यांपर्यंत गेला, वर बघितलं,
नळाखाली धरलेला रुमाल पिळून
परत खिशात ठेवला.
माझा जेवणाचा डबा अजून तसाच होता. तो उघडला.
अर्धी पोळी त्याला दिली.

"उणे चाळीस म्हणजे केवढी थंडी, बेन?"
"ठाऊक नाही. इथे कुणालाच ठाऊक नसणार."
तो चावत राहिला बराच वेळ, टाकीकडे बघत.
"त्याला असेल," म्हणाला.